आधी एक ओळ मारून बघू

४ जानेवारी, रविवार

खतांच्या दुकानदाराने नव्या वर्षाची डायरी दिली. दर पानाच्या कोपऱ्यात फवारणीच्या पंपाचं चित्र आहे. गोटीराम काही लिहीत नाही. त्याचं सगळं डोक्यात असतं आणि ते तो बोलून बोलून माझ्या डोक्यात घालतो. तेव्हा डायरी माझी.

हो, गोटीराम. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय हे नाव माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. समोर असताना 'अहो', पाठीमागे 'आमचे हे', आणि फारच राग आला तर 'स्नेहलचा बाप'. पण कागदावर कोण ऐकतंय? गोटीराम. गोटीराम. गोटीराम. इथे मी त्याला अरे-तुरे करणार आहे. फार बरं वाटतंय.

आज आमच्या जावयाने, कुंदनने, कॅनडाचं तिकीट पाठवलं. वीस फेब्रुवारीचं, माझं एकटीचं. स्नेहलचे दिवस मार्चमध्ये भरतात. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला राहिलं नाही, पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हा मी इथे मखमलाबादच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते आणि पोरगी फोनवर काही न बोलता नुसती श्वास घेत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो. या वेळी मी जाणार म्हणजे जाणार. सहा महिने. गोटीरामला येता येत नाही, कारण शेवंती आणि झेंडू रोज तोडावे लागतात आणि म्हैस कुणाच्या दारात बांधणार?

गोटीरामने तिकीट मोबाइलवर मोठं करून पाहिलं, बारीक करून पाहिलं. मग म्हणाला, "एकदम जायचं नाय. आधी एक ओळ मारून बघू."

हे त्याचं आयुष्यभराचं. नवीन औषध आणलं की सगळ्या प्लॉटवर मारायचं नाही. आधी एका ओळीवर मारायचं आणि थांबायचं. जळाली तर ओळ जाते, प्लॉट वाचतो. आमचा मळा या नियमावर उभा आहे. पण माणसावर हा नियम लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"परदेशात काय काय असतं?" तो बोटं मोडत म्हणाला. "लय वेळ बसणं असतं. थंडी असती. साहेब लोक असत्यात. एकेकाची ट्रायल घेऊ. एक जरी फेल गेली तर तिकीट रद्द. उगं सगळा प्लॉट जाळायचा नाय."

माझ्या जाण्याचा एवढा खोल विचार कुणी करेल असं वाटलं नव्हतं. मनातून बरं वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार

बसण्याची ट्रायल झाली.

विमानात एका जागी बसून राहावं लागतं म्हणून गोटीरामने सुरगाण्याची एसटी निवडली. नाशिकहून सुरगाणा आणि तिथे न उतरता त्याच गाडीने परत. 'न उतरता' यावर त्याचा फार जोर होता. कुंदनने पाठवलेली मानेची उशी त्याने माझ्या गळ्यात स्टँडवरच अडकवली. एका बाईने मला विचारलं, "मानेचं ऑपरेशन का?" मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार.

वणी सोडल्यावर गोटीराम उठला. मनगटावर टॉवेल टाकला, पिशवीतून चंदेरी कागद लावलेली दोन ताटं काढली आणि माझ्यासमोर वाकून म्हणाला, "म्याडम, व्हेज का नॉनव्हेज?"

मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. कशीबशी म्हणाले, "व्हेज." व्हेज म्हणजे मीच पहाटे केलेली बटाट्याची भाजी आणि चपाती. नॉनव्हेजमध्ये त्याने स्टँडवरची अंडाभुर्जी घेतली होती. नॉनव्हेज म्हटलं की त्याला बाकी काही दिसत नाही. तो माझ्या शेजारी बसून ती खाऊ लागला तेव्हा मागून एक जण म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं कवा येणार ताट?"

सुरगाणा आलं. सगळे उतरून जीपकडे पळाले. कंडक्टर आमच्यापाशी आला. "ताई, उतरा, सुरगाणा आलं."

"आमाला उतरायचं नाय," गोटीराम म्हणाला. "आमी सरावाला आलोय."

"कसल्या?"

"कॅनडाच्या."

कंडक्टरने माझ्या गळ्यातली उशी पाहिली, गोटीरामच्या हातातला टॉवेल पाहिला आणि परतीची तिकिटं काही न विचारता फाडून दिली.

येताना घाटात गोटीरामला भुर्जी बाधली. खिडकीतून मान बाहेर काढून तो बराच वेळ होता. मी त्याची पाठ चोळली आणि विमानाला घाट नसतो असं सांगितलं. मला काही झालं नाही. पाय सुजले नाहीत, डोकं दुखलं नाही, मी तर थोडी झोपलेही.

"पास," तो घरी आल्यावर म्हणाला आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसून राहिला. पोट अजून दुखत असणार.

१३ जानेवारी, मंगळवार

थंडीची ट्रायल.

माझा भाऊ भारत दिंडोरीला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. सध्या सीझन भरात आहे, परदेशी जाणारी द्राक्षं तिथे पेट्यांत भरून गार करून ठेवतात. गोटीरामने त्याला फोन करून विचारलं, "तुझ्या खोलीत पेट्यांसंगं एक माणूस बसलं तर चालंल का?" भारतला वाटलं, कुणी मयत आहे. त्याने आधी दोनदा विचारलं की ताई बरी आहे ना.

मी कुंदनने पाठवलेला कोट घातला, कानटोपी घातली, हातमोजे घातले. मला कोटात चालता येईना. पेट्या भरणाऱ्या बायका काम सोडून बघायला आल्या. भारतने दार उघडलं, मला आत एका क्रेटवर बसवलं आणि दार लावलं.

आत फार छान होतं. खोटं कशाला लिहू? सगळीकडे पेट्याच पेट्या, पंख्याचा एकसारखा आवाज आणि कुणी म्हणून काही मागत नव्हतं. चहा नको, पाणी नको, टॉवेल कुठे, किल्ली कुठे, काही नाही. मी लाडू आणला होता तो खाल्ला. मग वाटलं, स्नेहलला डिंक कुणी कुटून देईल तिकडे? डिंक इथूनच कुटून न्यायला हवा. शांत जागी किती गोष्टी सुचतात.

पण गोटीराम सारखं दार उघडायचा. "थंडी वाजती का?"

"नाही."

"थोडी तरी?"

"नाही वाजत, अहो."

"खरं सांग. वाजत आसंल तर लाजू नको. इथंच थांबवू."

भारत ओरडला, "दाजी, दार उघडू नका! माल खराब होईल. हा माल परदेशात चाललाय."

"ही बी चाललीय," गोटीराम म्हणाला आणि दार धरून तसाच उभा राहिला. भारतने शेवटी त्याला हाताला धरून बाजूला नेलं.

मी पास. गोटीराम आत-बाहेर करून शिंकायला लागला. जाताना माझ्यासाठी घेतलेलं कोल्ड क्रीम त्याच्याच नाकाला लावलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गोटीराम तापाने आडवा. तिळगूळ दिला तर म्हणाला, कडू लागतो. संध्याकाळी त्याला अंथरुणात ठेवून म्हैस काढायला गेले. सहा महिने हिचं दूध कोण काढणार, हा प्रश्न मला आज पहिल्यांदाच पडला. चंद्री माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी मॉलमध्ये सरकत्या जिन्याची ट्रायल. मी वर गेले, खाली आले, परत वर गेले. गोटीराम वर गेला पण त्याला खाली येता येईना. पाय पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. मागे माणसं खोळंबली. शेवटी वॉचमनने त्याला सामानाच्या लिफ्टने उतरवलं. मी खाली आइस्क्रीम खात उभी होते.

दुपारी साहेबाची ट्रायल. विमानतळावर उतरल्यावर तिथला साहेब प्रश्न विचारतो म्हणे. गोटीराम स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभा राहिला, मी आत. डोळ्यांवर माझा वाचायचा चष्मा, डोक्यावर लग्नातली टोपी.

"कुठून आली?"

"नाशिक. मखमलाबाद."

"किती दिवस ऱ्हाणार?"

"सहा महिने."

"येवढे कशाला?"

"लेकीचं बाळंतपण आहे, साहेब."

"मग तीन महिन्यांत आवरत नाय का?"

"बाळाला अंघोळ घालायला नको का साहेब? मालीश, शेक, सगळं असतं."

त्याने खिडकीच्या गजावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "आन् नवरा काय खाणार?"

"अहो, हे ते विचारणार नाहीत."

"विचारतील. तयारी पायजे."

"डबा लावलाय म्हणून सांगेन."

"डब्यावर सहा महिने माणूस जगतो का?"

"अहो, तो साहेब गोरा असेल. त्याला काय पडलंय तुमच्या डब्याचं?"

"गोरा असला तरी त्यालाबी बायको आसंलच ना," गोटीराम म्हणाला आणि टोपी काढून मळ्यात निघून गेला. निकाल सांगितलाच नाही. मी पास धरून चालले आहे. तयारीच्या बाबतीत हा माणूस कुणाला हार जाणार नाही, हे मात्र खरं.

२५ जानेवारी, रविवार

आज मी उलटं फिरवलं. म्हटलं, "माझ्या ट्रायली झाल्या. आता तुमची. मी नसताना तुम्ही कसे राहता, ते कुठे तपासलंय? मी आठवडाभर येवल्याला नवसाबाईकडे जाते."

नवसाबाई माझी धाकटी बहीण. तिच्या घरी पैठणीचा माग आहे.

गोटीराम म्हणाला, "त्याची काय गरज नाय. मी ऱ्हातो की."

"आधी एक ओळ मारून बघू," मी म्हणाले.

 त्याचंच वाक्य होतं. मला हा डाव इतका आवडला की रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं.

२८ जानेवारी, बुधवार, येवला

इथे सकाळपासून माग खटखटतो. मेहुणे मागावर, नवसाबाई रेशीम उकलते आणि मी पदरावरचा मोर कसा भरतात ते बघते. दिवसभरात एवढासा भरतो. एवढा धीर असलेल्या माणसाशी नवसाबाईचं पटतं कसं, याचं मला नवल वाटतं, कारण ती सकाळचा चहासुद्धा उकळू देत नाही.

गोटीरामचा फोन दुपारी आला. "झकास चाललंय. मेथीत उभा हाय."

मागून भोंगा वाजला आणि कुणीतरी ओरडलं, 'मनमाड, मनमाड.'

"मेथीत मनमाड कुठून आलं?"

"रेडिओ," तो म्हणाला. आमच्याकडे रेडिओ नाही. नवा घेतला असावा. मी नसताना असले खर्च सुचतात.

३१ जानेवारी, शनिवार, येवला

नवसाबाई सकाळी म्हणाली, "ताई, समोरच्या चहाच्या हॉटेलात माकडटोपी घातलेला माणूस तीन दिवसांपासून बसतोय. डिट्टो दाजींसारखा. मी बघितलं की वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो."

मी म्हटलं, "ते शक्य नाही. ते मळ्यात आहेत. सकाळीच बोलणं झालं." तरी खिडकीतून पाहिलं. माणूस दिसला नाही, पण हॉटेलापुढे आमचीच मोटारसायकल होती. सीटला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या. मग मला कळलं. राग आला. ट्रायल त्याची आहे आणि हा येऊन माझ्यावर पाळत ठेवतोय! मी नीट राहते की नाही, हे तपासतोय. असा संशयी स्वभाव.

मी तशीच खाली गेले. तो वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता.

"इथे काय करताय?"

त्याने खिशातून दोन पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. "ह्यातलं जिरं कुठलं आन् शहाजिरं कुठलं, ते कळंना. म्हणलं इचारून यावं."

"नाशिकहून येवल्याला? फोन होता की!"

"फोनवर वास येत नाय."

हे मात्र बरोबर होतं. मी वास घेऊन सांगितलं. मग तो जेवला. नवसाबाईने केलेलं मटण त्याने दोनदा मागून घेतलं. पण जेवताना माझ्याच ताटाकडे बघत होता, म्हणजे अजून भूक होती. उन्हं कलायच्या आत त्याला परत धाडला.

"दाजींना करमत नाही गं," नवसाबाई म्हणाली.

"छे! त्यांना जिरं हवं होतं," मी म्हणाले. या नवसाबाईला मेली सगळीकडे प्रेमच दिसतं.

१ फेब्रुवारी, रविवार, येवला

मोहरी घेऊन आला. मोहरी तर आंधळ्यालाही कळते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

घरी आले, एक दिवस आधीच. न सांगता आले, कारण परीक्षा घ्यायची तर अशीच.

गोठ्यात वाकून बघते तर माझी हिरवी सुती साडी चंद्रीखाली उकिडवी बसलेली. डोक्यावरून पदर, हातात चरवी. क्षणभर मला वाटलं, मीच मेले आणि हे माझं भूत म्हैस काढतंय. मग पदराखालून मिशी दिसली.

"हे काय?"

तो दचकला नाही. दूध काढतच राहिला. "तुझी साडी नेसली की देती ती. आधी दोन लाथा मारल्या. मग ही डोईवरून घेतली. आता गप उभी ऱ्हाती. तिला वाटतं, तूच हायेस."

"खरंच वाटतं?"

"वास तुझा हाय ना साडीला."

चरवी भरली होती. घरात गेले. भांडी घासलेली, भात मऊ झालेला, आमटी खाण्याजोगी. जिरं, शहाजिरं आणि मोहरी वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठ्या. म्हणजे तो पास. माझ्याशिवाय घर चालतं आणि म्हैसही दूध देते.

"पास," मी म्हणाले.

तो खूश झाला नाही. मीही झाले नाही. इतकी वर्षं मला खात्री होती की हा माणूस मी नसताना चहाच्या पातेल्यासमोर उपाशी मरेल. तसं झालं नाही, याचं मला वाईट वाटलं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं. चंद्रीकडे पाहिलं तर ती खुशाल रवंथ करत होती. मूर्ख म्हैस आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज स्नेहलचा फोन आला. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं आहे, ब्लडप्रेशर वाढलंय. बाळ ठीक आहे म्हणे. तिने सगळं सांगितलं आणि मग मागच्या वेळेसारखीच गप्प झाली. नुसता श्वास. 

मग म्हणाली, "आई, तू येतेयस ना? नक्की ना? बाबा काय ट्रायल-बियल करतायत म्हणाला भारतमामा. फेल झालीस तर नाही येणार का तू?"

फोन स्पीकरवर होता. गोटीरामने फोन माझ्या हातातून घेतला. तो आधी खाकरला.

"येतीय," तो म्हणाला. "पोरी, समद्या ट्रायलींत पास झालीय तुझी आई. पैल्या नंबरात. थंडीत तर द्राक्षं हरली, ही नाय हरली. तू नुसती पडून ऱ्हा."

फोन ठेवून तो मळ्यात गेला. मी चहा घेऊन गेले तर झेंडूच्या ओळीत नुसता उभा होता. हातात टोपली होती, टोपलीत फूल नव्हतं. म्हणाला, डोळ्यात औषध उडालं. आज फवारणी नव्हती, पण कालचं पानांवर असेल. मी पदराने त्याचे डोळे पुसले. पुन्हा पुन्हा भरून येत होते. हे नवीन औषध फारच कडक दिसतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बॅगा भरल्या. डिंक, आळीव, बाळंतकाढ्याचं सामान, दुपटी. गोटीरामने फुलबाजारातला तराजू आणून बॅग तोलली. त्यावर शेवंतीशिवाय कधी काही ठेवलेलं नाही, म्हणून आधी तराजूला नमस्कार केला. बॅग वजनात बसली.

हिरवी सुती साडी सापडत नाही. ती न्यायची होती, घरात नेसायला मऊ आहे. कपाट उपसलं, दोरी पाहिली, गोठा पाहिला. गोटीरामला विचारलं तर म्हणाला, "जुनी झाली ती. राहू दे." माझ्या साड्यांबद्दल या माणसाने आजवर एक अक्षर काढलेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, विमानतळ

मुंबईच्या विमानतळावर बसून लिहितेय. वेळ आहे. कसा उरला, ते सांगते.

भारत गाडी घेऊन सकाळीच आला. गोटीरामने विमानाच्या वेळेच्या कितीतरी आधी निघायला लावलं, वाटेत टायर फुटला तर, घाटात दरड आली तर म्हणून. मी पहाटे चंद्रीचं दूध काढलं, तिच्या कपाळावर हात फिरवला. निघताना गोटीराम गाडीपाशी आलाच नाही. गोठ्यात दावं सोडवत होता. तिथूनच म्हणाला, "हां, जा." तेहतीस वर्षांनी बायको समुद्रापलीकडे चाललीय आणि याला दावं महत्त्वाचं! मी रागातच गाडीत बसले.

नाशिक मागे पडलं, विल्होळी ओलांडली आणि फोन वाजला.

"एक ट्रायल राहिली," गोटीराम म्हणाला.

"आता कुठली?"

"यायची. जायच्या समद्या घेतल्या, पर परत यायची घेतलीच नाय. तशी कशी सोडायची तुला?"

भारतने फोनमधलं ऐकलं. म्हणाला, "ताई, दाजी येडे झालेत का?"

"आजचे नाहीत," मी म्हणाले. "वळव गाडी."

का वळव म्हटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. भारत काहीबाही पुटपुटला पण त्याने गाडी वळवली.

दारात उतरले. ओटा रिकामा. गोठ्यात गेले तर गोटीराम माझी हिरवी साडी डोक्यावरून घेऊन चंद्रीशेजारी पेंढीवर बसला होता. हातात चरवी नव्हती. म्हैस तर मी पहाटेच काढली होती. 

त्याने मान वर केली. "आलीस?"

"आले."

"कसे गेले सहा महिने?"

मी चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "कळलंच नाही बघा. भुर्रकन गेले."

"आमचेबी. काय त्रास नाय झाला." त्याने पदराने नाक पुसलं. "स्नेहल?"

"हिंडती-फिरती आहे. अंगाने भरलीय."

"आन् नात?"

"गोरीगोमटी. तुमच्यासारखी हट्टी."

"झोपती का रातची?"

"झोपते. मी थोपटलं की झोपते."

त्याने मान हलवली, पुन्हा हलवली. मग उठला, साडी तशीच खांद्यावर, आणि म्हणाला, "दमली आसशील. बस. च्या टाकतो."

त्याने चहा केला. मी ओट्यावर बसून प्याले. भारत गाडीत हॉर्नवर हात ठेवून बसला होता, पण त्याने वाजवला नाही. चहा चांगला झाला होता, आलं थोडं जास्त. तेहतीस वर्षांत त्याने माझ्यासाठी केलेला पहिला चहा. मी कप खाली ठेवला.

"काय, पास का?" मी विचारलं.

"पास," गोटीराम म्हणाला. "असंच यायचं. जा आता. पोरगी वाट बघती."

या वेळी तो गाडीपर्यंत आला. साडी खांद्यावरच होती. गल्लीतले लोक बघत होते. त्याला त्याचं काही नव्हतं आणि मलाही नव्हतं. खिडकीच्या काचेवर त्याने हात ठेवला आणि मी आतून ठेवला. मग मी त्याला नावाने हाक मारली. मोठ्याने, सगळ्यांसमोर. तो इतका लाजला की त्याने पदर तोंडावर घेतला.

२१ फेब्रुवारी, बहुतेक शनिवार, विमानात

बसणं जमतंय. थंडी चालतेय. उशी गळ्यात आहे. माझ्या शेजारची सीट रिकामी आहे.

मघाशी जेवण आलं. ताटावर चंदेरी कागद, अगदी तसाच. मुलगी माझ्यासमोर वाकली, मनगटावर टॉवेल होता, आणि म्हणाली, "मॅडम, व्हेज ऑर नॉनव्हेज?"

सुरगाण्याच्या गाडीत मला हसू आवरलं नव्हतं. इथे रडू आवरेना. तोंडावर रुमाल धरला तरी हुंदका बाहेर आला. ती मुलगी बिचारी घाबरली. वाकून विचारू लागली, काय झालं, कुठलं हवंय, दोन्ही देऊ का? मी मान हलवली. तिने दोन्ही दिली.

व्हेज मी खाल्लं. नॉनव्हेज शेजारच्या रिकाम्या सीटपुढे ठेवलं आणि त्यावरचा कागद काढला नाही.